वसईच्या घंटा गेल्या, माणसे राहिली



महामारीला इतकी वर्षे झाली तरी पुष्कळ ठिकाणी मागची बाके रिकामीच असतात. "आपली मंडळी पूर्वीसारखी कधी होणार?" असे वडीलधारी माणसे विचारतात. घाईचे उत्तर द्यावे असे आम्हाला वाटत नाही. त्यापेक्षा आपलीच मराठी बोलणाऱ्या एका ख्रिस्ती समाजाकडे, वसईकडे, जरा पाहू या.

गुजरातच्या बहादूरशाहाने 1534 साली वसई पोर्तुगिजांच्या हवाली केली. पुढची दोनशे वर्षे तिथे चर्चे, मठ, शाळा उभ्या राहिल्या. याच वसईचे गोन्सालो गार्सिया 1597 साली जपानात नागासाकीला क्रुसावर हुतात्मा झाले. हा वैभवाचा काळ होता, हे खरे. पण त्या वैभवावर सत्तेची सावली होती आणि इन्क्विझिशनचा धाकही होता, हे आपण ख्रिस्ती लोकांनी स्वतःहून सांगितले पाहिजे. 1739 चा इतिहास केवळ "आपल्यावरचे संकट" म्हणून सांगणे आम्हाला पटत नाही.

1737 साली मराठ्यांनी ठाणे आणि साष्टी घेतली (गोव्याच्या वाचकांनी सासष्टी समजू नये, ही ठाण्याजवळची). 1739 च्या मे महिन्यात, चिमाजी आप्पांच्या निकराच्या वेढ्यानंतर, वसईचा किल्ला पडला. शरणागतीच्या अटी उदार होत्या. ज्यांना जायचे त्यांना चीजवस्तू घेऊन जाण्याची मुभा होती आणि जे राहतील त्यांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक होती.

पोर्तुगीज अधिकारी गेले, त्यांच्याबरोबर युरोपीय संन्यासीही गेले. किल्ल्यातली चर्चे ओस पडली. त्यांच्या घंटा विजयचिन्हे म्हणून दूरदूरच्या देवळांत पोहोचल्या. नाशिकच्या गोदाकाठी टांगलेली नारोशंकराची घंटा सर्वांना ठाऊक आहे. मोठ्या आवाजाच्या माणसाला आजही आपण तिचे नाव देतो, पण ती वसईहून आली हे फार थोड्यांना माहीत असते.

राहिले ते शेतकरी, बागायतदार आणि कोळी. भातखाचरे, विहिरी आणि केळीच्या बागा गलबतात भरून नेता येत नाहीत! यिर्मया संदेष्ट्याने बाबेलमधल्या बंदिवानांना पत्र लिहून, घरे बांधा, मळे लावा, त्यांचे फळ खा, असे सांगितले होते. वसईकरांना परमुलखात जावे लागले नाही, पण राजा, धर्मगुरू, कायदा हे सगळे एका पावसाळ्याच्या आत पालटले होते. अशा वेळी त्यांनी केळी लावली, मुलांना प्रार्थना शिकवली आणि स्थानिक धर्मगुरूंना आधार दिला. पोर्तुगीज काळात दुय्यम मानल्या गेलेल्या याच देशी पाद्र्यांवर आता सगळा भार आला, आणि तो त्यांनी पेलला. 1760 च्या सुमारास या भागातून गेलेल्या आंकेतिल-द्युपेरों या फ्रेंच प्रवाशाने, मराठी अमलातही ख्रिस्ती लोक उघडपणे धर्म पाळत असल्याचे लिहून ठेवले. म्हणजे एकवीस वर्षांनंतरही समाज विरला नव्हता. त्याचे श्रेय त्या धर्मगुरूंना आणि घराघरातल्या आयांना जसे आहे, तसेच दिलेला शब्द पाळणाऱ्या राज्यकर्त्यांनाही आहे.

पुढे इंग्रज आले. 1862 साली पोपनी गोन्सालो गार्सिया यांना संत म्हणून जाहीर केले, तेव्हा ज्या शहरात ते जन्मले तिथल्या किल्ल्यात रानच माजले होते. पापडी, रमेदी, सांडोर, निर्मळ, आगाशी, नंदाखाल इथल्या धर्मग्रामांत मात्र आजही मिस्सा होते.

या सावरण्यात आम्हाला सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की समाज होता तसाच परत उभा राहिला नाही. त्याला आपली भाषा सापडली. पोर्तुगीज काळात वेदीवर लॅटिन होती आणि कारभारात पोर्तुगीज. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत आली. 1998 साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि बिशप थॉमस डाबरे त्याचे पहिले महागुरू झाले. याच मातीतल्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' सिद्ध केले, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. 2020 च्या जानेवारीत उस्मानाबादला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा अध्यक्षपदी हेच कॅथलिक धर्मगुरू होते.

1739 च्या त्या उन्हाळ्यात मागे राहिलेल्या शेतकऱ्यांपैकी एकानेही यातले काही पाहिले नाही. त्यांनी पाहिला तो पुढचा पाऊस, आणि त्यांनी भात लावले.