पंगत, मेज आणि दरपत्रक

छत्तीसगडातील भिलाई हे पोलादाच्या कारखान्याभोवती उभे राहिलेले नगर. रेल्वेमार्गाच्या एका अंगाला कारखान्याने आखून वसविलेले सेक्टर आहेत. दुसऱ्या अंगाला, ग्रेट ईस्टर्न रोड या हमरस्त्याच्या कडेने, सुपेल्याची बाजारपेठ आपली आपण वाढत गेली आहे. एके काळचे हे खेडे आज दिवस मावळल्यावर अधिकच गजबजते. पगाराच्या आठवड्यात तेथील बऱ्यापैकी उपाहारगृहात मेज मिळावे म्हणून कुटुंबेच्या कुटुंबे दाराशी तिष्ठत असतात. आत वाढप्यांची धावपळ चाललेली असते, भट्टीतून रोट्या निघत असतात, आणि बिलाचा आकडा पाहून घरच्या कर्त्या माणसाची भुवई क्षणभर वर जाते. तरी तो पैसे मोजतो. या दृश्याचे कोणालाच नवल वाटत नाही. परंतु त्यातील एक गोष्ट नवलाचीच म्हटली पाहिजे. दाराशी थांबलेल्यांना ‘किती माणसे?’ एवढेच विचारतात, ‘कोण माणसे?’ असे विचारीत नाहीत. हा दुसरा प्रश्न मागे पडावा म्हणून या देशाला दीर्घकाळ झगडावे लागले आहे, आणि त्या झगड्याचा मोठा भाग महाराष्ट्राच्या भूमीवर झालेला आहे.

पैसे मोजून, अनोळखी माणसांच्या घोळक्यात, आपल्याला हवा तो पदार्थ मागवून जेवणे ही रीत युरोपातही फार जुनी नाही. तेथील खानावळीत पूर्वी एकच लांब मेज असे. ठरल्या वेळी यजमान जे वाढील ते सर्वांनी मिळून खावयाचे, असा तो प्रकार होता. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये अशक्त माणसांना शक्तिवर्धक मांसरस विकणारी दुकाने निघाली. त्या रसाच्या नावावरूनच ‘रेस्टॉरंट’ हा शब्द आला. तेथे निराळे छोटे मेज, पदार्थांची यादी आणि प्रत्येक पदार्थापुढे त्याची किंमत अशी व्यवस्था रूढ झाली. पुढे ‘ब्रासेरी’ निघाल्या. ब्रासेरी म्हणजे मुळात बिअर गाळण्याची जागा. १८७०-७१ च्या युद्धानंतर आल्सास प्रांत जर्मनीकडे गेला, तेव्हा तेथून पॅरिसला आलेल्या अनेकांनी हा धंदा भरभराटीस नेला. मोठमोठे आरसे, दिव्यांचा लखलखाट, पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत चालणारी वर्दळ आणि खिशाला जाणवणारे दर ही तिची लक्षणे होत. या सर्व संस्थांच्या मुळाशी एकच तत्त्व होते: ज्याच्यापाशी दाम आहे त्याला बसावयास जागा आहे.

महाराष्ट्रात हे तत्त्व आले तेव्हा त्याची गाठ पंगतीशी पडली. पंगतीत किंमत नव्हती, आणि निवडही नव्हती. अन्न हे दान होते किंवा आतिथ्य होते. शिजविलेले अन्न विकणे हे सभ्य गृहस्थाला कमीपणाचे वाटे. प्रवासाला निघालेला माणूस शिदोरी बांधून घेई, धर्मशाळेत उतरे आणि तीन दगडांची चूल मांडून स्वतःच्या हाताने शिजवी. कोणी कोणाच्या हातचे खावे, कोणी कोणाशेजारी बसावे, कोणाच्या दृष्टीसमोर जेवू नये, याचे नियम प्रत्येकाला पाठ असत. पानात वाढलेला भात कितीही साधा असला तरी त्या पानाची जागा ठरविण्यामागे सबंध समाजरचना उभी असे. अस्पृश्य मानलेल्या माणसाला या पंगतीत जागा नव्हती. पंगत उठल्यावर उरलेसुरले अन्न तेवढे त्याच्या वाट्याला येई.

या व्यवस्थेला पहिले धक्के हॉटेलांनी दिले नाहीत. ते सुधारकांनी, आणि तेही आरंभी लपूनछपून दिले. १८४९ मध्ये मुंबईत निघालेल्या परमहंस सभेच्या गुप्त बैठकीत नव्या सभासदाला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. एक पावाचा तुकडा हीच जातिभेद मोडल्याची शपथ होती. सभेची कागदपत्रे चोरीस जाऊन सभासदांची नावे उघडकीस येणार असे दिसताच ती मंडळी पांगली. त्यानंतर कितीतरी वर्षांनी, १८९० च्या ऑक्टोबरात, गोपाळराव जोशी यांनी पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये शहरातील प्रतिष्ठितांना बोलाविले. व्याख्यान झाले, आणि नंतर चहा-बिस्किटे पुढे आली. काहींनी चहा घेतला, काहींनी भिडेखातर पेल्याला नुसता हात लावला. उपस्थितांची नावे वृत्तपत्रात छापून आली आणि पुणे शहर ढवळून निघाले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या पुरुषालाही अखेर १८९२ मध्ये प्रायश्चित्त घ्यावे लागले. एका पेला चहाची एवढी किंमत कोणत्याही दरपत्रकावर कधी छापली गेली नसेल.

इकडे मुंबईत दरपत्रकांचे युग सुरू झालेच होते. लोखंडाचा सांगाडा विलायतेहून आणून उभारलेले वॉटसनचे हॉटेल १८६० नंतरच्या दशकात काळाघोड्याजवळ उभे राहिले. ते युरोपीय लोकांचे स्थान होते. १६ डिसेंबर १९०३ रोजी जमशेटजी टाटांचे ताजमहाल हॉटेल सुरू झाले. हिंदी माणसाच्या भांडवलावर उभे राहिलेले हे हॉटेल वैभवात कोणत्याही युरोपीय हॉटेलाच्या बरोबरीचे होते. तेथील भोजनगृहाचे दार सामान्य मुंबईकराला बंद होते ते जातीमुळे नव्हे. तेथील खर्च आणि तेथील रीतिरिवाज त्याच्या आवाक्याबाहेरचे होते. हाही एक नवाच प्रकार होता.

सामान्यांसाठी मुंबईने दोन निराळ्या संस्था घडविल्या. पहिली इराण्याचे हॉटेल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इराणातून आलेल्या झरतुष्ट्री लोकांनी रस्त्यांच्या कोपऱ्यांवर आपली दुकाने थाटली. कयानी १९०४ चे, बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानिया १९२३ चे. संगमरवरी मेज, वाकविलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीवर आरसे: पॅरिसच्या ब्रासेरीची ही गरीब बहीणच म्हणावी. तिने एका आण्या-दोन आण्यांत कारकुनाला, हमालाला आणि विद्यार्थ्याला एकाच छताखाली बसविले. दुसरी संस्था खाणावळीची. गिरणगावात घाटावरून आणि कोकणातून आलेल्या एकट्या पुरुषांना महिन्याच्या बोलीवर जेवू घालणाऱ्या बायांनी आपल्या चुलीवर एका उद्योगाचे पोट सांभाळले. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, तेव्हा कुठे या श्रमाला संघटनेचे बळ मिळाले.

तथापि दाम हे सर्वत्र पुरेसे होते असे समजणे चुकीचे ठरेल. पुष्कळ उपाहारगृहांनी पंगतीचे नियम पाटीवर लिहूनच धंदा केला. दादरला १९१० मध्ये सुरू झालेल्या मामा काणे यांच्या नामांकित उपाहारगृहाचे मूळ नावच ‘दक्षिणी ब्राह्मणाचे स्वच्छ उपाहारगृह’ असे होते. त्यात कोणाचा द्वेष होता असे नव्हे. गावाकडून नव्याने आलेल्या गिऱ्हाइकाला ‘येथे जेवलास तर बाटणार नाहीस’ एवढी हमी हवी होती, आणि ती हमी पदार्थाबरोबर विकली जात होती. रेल्वे स्थानकांवर ‘हिंदू चहा’ आणि ‘मुसलमान चहा’ असे निराळे पुकारे स्वातंत्र्याच्या उंबरठ्यापर्यंत ऐकू येत. आगगाडीने सर्वांना एका डब्यात बसविले, पण पेला मात्र निराळाच राहिला.

ज्यांना पंगतीबाहेर ठेवले होते त्यांच्या बाबतीत तर दामाचा नियम साफ लटका पडला. १९१७ मध्ये परदेशी विद्यापीठांतून शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहण्यास जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहात ते नाव बदलून, भाडे भरून राहिले. जात कळताच काठ्या घेतलेला जमाव दाराशी आला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. पदवी होती, पगार होता, भाडे चुकते केले होते. उणे होते ते केवळ जन्माचे. याच काळात कोल्हापुरात याच्या उलट घडलेली एक गोष्ट प्रसिद्ध आहे. संस्थानच्या पागेत नोकरीस असलेल्या गंगाराम कांबळे यांना पाण्याला हात लावल्याबद्दल सवर्ण नोकरांनी मारहाण केली. शाहू छत्रपतींनी त्यांना नोकरीतून मोकळे करून चहाचे हॉटेल घालण्यास साहाय्य केले. हॉटेल निघाले, पण अस्पृश्याच्या हातचा चहा घेणार कोण? तेव्हा महाराज आपली गाडी त्या दुकानाशी थांबवीत, स्वतः चहा मागवीत आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजीत. छत्रपतींनी घेतलेला चहा नाकारण्याची छाती कोणाला होणार? दुकान चालू झाले. पुण्याच्या चहाने थोरामोठ्यांना प्रायश्चित्त घ्यावयास लाविले होते. कोल्हापूरच्या चहाने समाजालाच प्रायश्चित्त घ्यावयास लाविले.

राजाच्या मर्जीवर अवलंबून असलेले हे काम कायद्याने हाती घेतले ते १९५० मध्ये. राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाने दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांत धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणाला अडविण्यास मनाई केली. १९५५ मध्ये अस्पृश्यता गुन्हा कायदा झाला आणि उपाहारगृहाचे दार अडविणे शिक्षापात्र ठरले. त्याच वर्षी, २ फेब्रुवारी १९५५ रोजी, भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला होता. दोन गोष्टींचा हा योग आकस्मिक खरा. परंतु सुपेल्याच्या इतिहासात त्या एकमेकींना येऊन मिळाल्या.

भिलाईच्या लोखंडाचे नाते मुंबईच्या ताजमहालाशीही आहे, हे थोड्यांना ठाऊक असते. ताजमहाल हॉटेल पुरे होत होते त्याच सुमारास जमशेटजींचे पुत्र दोराबजी आणि अमेरिकन भूगर्भतज्ज्ञ वेल्ड हे मध्यप्रांतात लोहखनिजाचा शोध घेत हिंडत होते. निराश होऊन नागपूरला आले असता तेथील वस्तुसंग्रहालयातील एका भूगर्भीय नकाशावर दुर्ग भागातील लोहसाठ्याची खूण दोराबजींच्या दृष्टीस पडली. ते दल्ली-राजहरा टेकड्यांवर गेले, तेव्हा पायांखालचा खडक धातूसारखा वाजत होता म्हणतात. टाटांचा कारखाना पुढे अन्यत्र, साकची येथे उभा राहिला. दल्ली-राजहराचे लोखंड आणखी अर्धशतक वाट पाहत राहिले, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले.

या भट्टीभोवती देशाच्या सर्व प्रांतांतून माणसे आली. आंध्र, केरळ, बंगाल, बिहार, पंजाब येथून आली. नागपूरकडून मराठी माणसे आली, आणि भोसल्यांच्या अमलापासून छत्तीसगडात राहिलेली मराठी घराणी तर जवळच रायपूर-दुर्गास होती. आसपासच्या खेड्यांतून गुरू घासीदासांचे अनुयायी सतनामी आले, ज्यांच्या हातचे पाणीही गावात घेतले जात नसे. पाळी आठ तासांची. भूक सर्वांना एकाच वेळी लागे. १९४८ च्या कारखाना कायद्याने अडीचशेंहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत उपाहारगृह काढावयास लावण्याची सोय केलीच होती. भट्टीपाशी एकमेकांच्या भरवशावर जीव ठेवून काम करणारी माणसे डबेही एकत्र उघडू लागली. गावातील घरी परतल्यावर जुने नियम पुष्कळांनी पाळले, हेही खरे आहे. पण कारखान्याच्या आत ते पाळणे हळूहळू अशक्य झाले.

१९५७ पासून कॉफी बोर्डाच्या नोकरीतून काढून टाकलेल्या कामगारांनी, ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने, सहकारी तत्त्वावर इंडियन कॉफी हाऊस चालविण्यास आरंभ केला. जबलपूरच्या अशाच सहकारी संस्थेच्या शाखा मध्य प्रदेशात आणि छत्तीसगडात पसरल्या, तशा भिलाईतही निघाल्या. तुरेदार फेटा बांधलेला वाढपी येथे मालकही असतो. इंजिनिअर आणि फिटर, दोघांपुढे तो सारख्याच पांढऱ्या कपात कॉफी ठेवतो. मेजाने जे वचन दिले होते ते येथे बरेचसे पाळले गेले.

सुपेल्याची आजची उपाहारगृहे या सर्व परंपरेची वारसदार आहेत. त्यांच्या दाराशी जन्म विचारला जात नाही, ही लहान प्राप्ती नव्हे. पण दरपत्रक हाही एक दरवान आहे. पोलाद कारखान्यातील कायम कामगार आणि त्याच भट्टीजवळ कंत्राटावर राबणारा मजूर यांच्या मिळकतीत मोठे अंतर आहे. पहिल्याचे कुटुंब ज्या मेजाशी बसते तेथे दुसऱ्याच्या मुलाने काचेतून पाहावे, असे घडते. स्वयंपाकघराच्या मागल्या दारी भांडी घासणाऱ्या हातांची जात आणि पुढल्या मेजावर जेवणाऱ्यांची जात यांचा हिशेब कोणी मांडला, तर जुनी पंगत मागल्या दाराने आत आलेली दिसण्याचा संभव आहे.

पंगतीने माणसाला विचारले, ‘तू कोणाचा?’ मेजाने विचारले, ‘तुझ्यापाशी काय आहे?’ पहिल्या प्रश्नापेक्षा दुसरा अधिक सुसह्य आहे, कारण त्याचे उत्तर बदलता येते. गंगाराम कांबळे यांच्या दुकानापासून सुपेल्याच्या हमरस्त्यापर्यंतचा प्रवास त्या बदलाचाच इतिहास आहे. भूक लागली आहे एवढ्याच कारणाने माणसाला बसावयास जागा मिळावी, ही मजल मात्र अजून गाठावयाची आहे. तोपर्यंत, कुटुंब घेऊन मेजाची वाट पाहत उभ्या असलेल्या त्या कामगाराला आत बोलाविले जाते तेव्हा केवळ माणसांची संख्या विचारली जाते, याचे मोल ओळखणे हे त्या इतिहासाचे ऋण मानणे होय.