किल्लारी : सोसणं आणि सावरणं

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट, वेळ ३ वाजून ५६ मिनिटं. सुमारे ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतली किल्लारी, सास्तूर, मंगरूळ अशी गावं झोपेतच गाडली गेली. मृतांचा आकडा आठ ते दहा हजारांच्या दरम्यान सांगितला जातो. आपण तेव्हा आठवीत होतो. दिवाळीनंतर त्या गावांतली काही मुलं आपल्या वर्गात आली. त्यांच्याबद्दल आपण आजही ‘काय जिद्दीची पोरं!’ म्हणतो. त्या जिद्दीच्या मागचा इतिहास या स्मरणिकेत मांडावासा वाटला.

आधी घरं का पडली ते पाहू. भिंती जाड, पण मातीत रचलेल्या दगडांच्या. आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना बांधलेला नसायचा. वर माळवद. गळू नये म्हणून त्यावर दरवर्षी मातीचा नवा थर पडायचा आणि ओझं वाढायचं. धक्क्याने भिंतीचे दोन थर अलग झाले. काही घरांत मात्र भिंती ढासळल्या तरी लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला. म्हणजे जाडीपेक्षा जोडणी महत्त्वाची ठरली.

१९९२च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये किल्लारीला धक्के बसले होते. पण दख्खनचा भाग स्थिर मानला जाई. हा परिसर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. पुढे २००२च्या भारतीय मानकात पहिलं क्षेत्रच रद्द झालं आणि लातूर परिसर तिसऱ्या क्षेत्रात गेला. यंत्रणेने आपला नकाशा बदलला, हेही सावरणंच.

जागतिक बँकेच्या मदतीने राज्य सरकारने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम घेतला. ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. घरं पक्की झाली, पण सरळ रेषेतल्या रुंद रस्त्यांच्या त्या वसाहतींत जुनी गल्ली, ओसरी, शेजार हरवला. लोकांनी मग स्वतःच पत्र्याचे आडोसे, गोठे जोडले. ज्या गावांत घरं दुरुस्त करायची होती, तिथे वेगळी वाट निघाली. घरमालकाने स्वतः काम करून घ्यायचं, सरकारने पैसे आणि तांत्रिक सल्ला द्यायचा. भिंतीचे थर जोडणारे लांब दगड बसवायचे, वर काँक्रीटचा पट्टा फिरवायचा. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने गावोगावच्या महिला मंडळांतून संवाद सहायक उभ्या केल्या. ज्या बायका कधी सरकारी कचेरीची पायरी चढल्या नव्हत्या, त्या अभियंत्यांना प्रश्न विचारू लागल्या. २००१मध्ये कच्छ हादरलं, तेव्हा इथल्या बायका तिथल्या बायकांना आपला अनुभव सांगायला गेल्या. तिकडे भारतीय जैन संघटनेचे शांतीलाल मुथा यांनी सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेलं.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडे एखादा सर्व्हर कधीतरी बंद पडणारच, असं धरूनच रचना करावी लागते. एक भाग पडला तर त्याचा भार कोण उचलणार, हे आधी ठरवायचं. किल्लारीचा इतिहास वाचताना तेच दिसलं. माणसं सोसतात एकेकटी. सावरतात मात्र कुणीतरी भार वाटून घेतल्यावर, आणि निर्णय त्यांच्या हाती दिल्यावर. आपल्या गुरुजनांनी त्या मुलांना कीव दिली नाही. संध्याकाळी थांबवून बुडालेला अभ्यास भरून घेतला, फळ्यावर सुविचार लिहायची पाळीही दिली. ते पुनर्वसनच होतं, हे मला आता कळतं.

आपण पंचेचाळिशीच्या आसपास आहोत. कुणाची नोकरी गेली आहे, कुणाचा जोडीदार गेला आहे, कुणी आई-वडिलांच्या आजारपणात एकटं अडकलं आहे. अशांना ‘तू खंबीर आहेस’ म्हणणं सोपं असतं. त्याऐवजी ‘मंगळवारी दवाखान्यात मी बसते’ असं सांगू या. दोन थर जोडणारा लांब दगड तोच.