काचपेटीतील पाहुणे

आफ्रिकेतील मलावी व टांगानिका या सरोवरांतील निळ्या-पिवळ्या सिक्लिड माशांना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगभरच्या घरगुती काचपेट्यांत स्थान मिळाले. भारतात मात्र या कुळातील एक मासा शोभेसाठी नव्हे, तर अन्नासाठी आला. १९५२ साली मोझांबिकचा तिलापिया श्रीलंकेतून येथे आणण्यात आला. महाराष्ट्रात त्यालाच चिलापी म्हणतात.

या माशाची मादी अंडी व पिले तोंडात सांभाळते. त्यामुळे पिले वाचतात, वर्षातून अनेकदा वीण होते आणि तळे भरून जाते. मग अन्न अपुरे पडून मासे खुरटतात व स्थानिक जाती मागे हटतात. १९५९ साली त्याच्या प्रसारास बंदी झाली. पण पाण्यात एकदा रुजलेला मासा वेचून काढणे कोणालाच साधले नाही.

खुद्द आफ्रिकेत याच्या उलट घडले. व्हिक्टोरिया सरोवरात १९५०च्या दशकात नाईल पर्च हा शिकारी मासा सोडला गेला आणि पुढे सिक्लिडांच्याच शेकडो जाती नाहीशा झाल्या. काही आज केवळ मत्स्यालयांत उरल्या आहेत.

भोपाळच्या महाराणा प्रताप नगरात अशी पेटी मांडणाऱ्यास हा इतिहास परका नाही. राजा भोजाच्या नावाशी निगडित असलेला मोठा तलाव तेथून फार दूर नाही. २००२ पासून त्याची गणना रामसर स्थळांत होते. पेटीतील भांडखोर मासा तलावात सोडावा, असे दयेपोटी वाटते. ती दया तलावातील जिवांना महाग पडते. असा मासा दुसऱ्या पाळणाऱ्यास द्यावा, अथवा दुकानदारास परत करावा.