एक लांब, दोन आखूड : ग्राफिक्स कार्डाच्या स्लॉटचा इतिहास

माझ्या भाच्याने एका कार्यालयातून निकाली निघालेला डेस्कटॉप संगणक स्वस्तात घेतला. यंत्र २०११च्या सुमाराचे. व्हिडिओ संकलनाला त्याची ताकद अपुरी पडू लागली, तेव्हा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून त्याने एक ग्राफिक्स कार्ड आणले आणि संध्याकाळी फोन केला, "मामा, कार्ड बसलं, पण स्क्रीन काळीच." मी गेलो. बटण दाबले. पंखे फिरले आणि कॅबिनेटमधून तीन आवाज आले : एक लांब, दोन आखूड.

हे आवाज त्या यंत्रापेक्षा कितीतरी जुने आहेत. आयबीएमने १९८१ साली बाजारात आणलेल्या पहिल्या पीसीमध्येही एक लांब आणि दोन आखूड आवाजांचा अर्थ 'पडद्याच्या कार्डात दोष' असाच होता. पडदाच चालत नसेल तर दोष लिहून दाखवायचा कुठे? म्हणून तो आवाजाने सांगायचा. पुढे बायॉस लिहिणाऱ्या इतर कंपन्यांपैकी काहींनी हाच संकेत चालू ठेवला. तीस वर्षांनंतरचे यंत्र आपले गाऱ्हाणे आजोबांच्या बोलीत मांडत होते.

जुन्या संगणकात नवे कार्ड चालेना, की आपण म्हणतो 'कार्ड खराब आहे'. पुष्कळदा ते खराब नसते. दोन काळांमध्ये झालेला एक करार कुठेतरी तुटलेला असतो. या कराराची तीन कलमे आहेत : स्लॉट, वीज आणि बायॉस. ती कशी लिहिली गेली हे कळले, की दोष कुठे शोधायचा हेही कळते. आणि हा करार झालाच नसता तर आपल्या लिपीला संगणकाच्या पडद्यावर यायला आणखी किती वाट पाहावी लागली असती, हा प्रश्नही समोर येतो.

उघडी पेटी

१२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर झालेल्या आयबीएम पीसीच्या मदरबोर्डावर पडद्याचे सर्किट नव्हतेच. पाच मोकळे स्लॉट होते. त्यांपैकी एकात गिऱ्हाइकाने आपल्या गरजेचे कार्ड बसवायचे. एक कार्ड फक्त मजकूर दाखवी, ८० अक्षरांच्या २५ ओळी. दुसरे ३२० गुणिले २०० ठिपक्यांत चार रंगांची चित्रे काढी. आयबीएमने तांत्रिक पुस्तिकेत सर्किटाच्या आकृत्या आणि बायॉसचा प्रोग्रॅमही छापून दिला. स्लॉटच्या कोणत्या पिनेवर काय येते हे कोणालाही वाचता येऊ लागले आणि म्हणून कोणालाही कार्ड बनवता येऊ लागले.

१९८२ साली व्हॅन सुवन्नुकुल या थायलंडच्या तरुणाने हर्क्युलीस कार्ड तयार केले. आपला प्रबंध थाई लिपीत लिहिता यावा, ही त्यामागची निकड होती असे सांगितले जाते. मजकुराच्या कार्डात अक्षरांचे आकार चिपमध्ये कायमचे कोरलेले असत, त्यामुळे इंग्रजीखेरीज दुसऱ्या लिपीला तिथे जवळजवळ जागाच नव्हती. हर्क्युलीसने त्याच एकरंगी मॉनिटरवर ७२० गुणिले ३४८ ठिपके स्वतंत्रपणे पेटवून दाखवले. ठिपका हाती आला की कोणतीही लिपी काढता येते.

हीच अडचण देवनागरीची होती आणि मार्गही त्याच स्लॉटमधून निघाला. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले भारतीय लिप्यांचे काम पुढे पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्रात, म्हणजे सी-डॅकमध्ये आले. ही संस्था १९८८ साली स्थापन झाली. मोहन तांबे यांच्या पुढाकाराने तिथे 'जिस्ट' कार्ड आकाराला आले. ते साध्या पीसीच्या स्लॉटमध्ये बसवले, की मजकुरावर चालणाऱ्या डॉसच्या प्रोग्रॅममध्ये मराठी, हिंदी, तमिळ टंकता येई. काना, मात्रा, जोडाक्षरे जुळवण्याचा भार कार्ड उचली. अमेरिकेतल्या कंपनीने तिच्या यंत्रात देवनागरी घालावी म्हणून वाट पाहायची गरज उरली नाही. पेटी उघडी होती, एवढे पुरेसे झाले.

स्लॉटची लढाई

ही उघडी पेटी आयबीएमलाच जड झाली. कॉम्पॅकसारख्या कंपन्या हुबेहूब चालणारी यंत्रे विकू लागल्या होत्या. १९८७ साली आयबीएमने पीएस/२ ही नवी मालिका आणली. तिच्यातला 'मायक्रो चॅनेल' स्लॉट अधिक वेगवान होता, पण त्यासाठी परवाना आणि स्वामित्वशुल्क लागे. जुनी कार्डे त्यात बसत नसत. १९८८ मध्ये कॉम्पॅकसह नऊ कंपन्या एकत्र आल्या आणि त्यांनी जुनी कार्डेही स्वीकारणारा स्वतःचा स्लॉट जाहीर केला. त्या स्लॉटचा फारसा प्रसार झाला नाही, पण मायक्रो चॅनेलही रुजला नाही. गंमत अशी, की पीएस/२ बरोबरच आलेली व्हीजीए ही पडद्याची पद्धत सर्वांनी उचलली आणि ती पुढे कित्येक वर्षे पीसीची समाईक भाषा झाली.

१९९२ साली इंटेलने पीसीआय स्लॉट आणला. त्यापूर्वी कार्डावरचे छोटे जंपर हाताने हलवून दोन कार्डांची भांडणे मिटवावी लागत. पीसीआय कार्ड आपली ओळख स्वतः सांगू लागले. १९९७च्या सुमारास फक्त ग्राफिक्ससाठी एजीपी आला. त्याचा व्होल्टेज पिढीगणिक उतरत गेला : ३.३, मग १.५, मग ०.८. चुकीचे कार्ड बसू नये म्हणून स्लॉटमधल्या खुणेची जागा बदलली. तरीही खुणेची शिस्त न पाळणाऱ्या कार्डांनी बोर्ड जाळल्याची उदाहरणे त्या काळच्या रिपेअरिंगवाल्यांना आठवत असतील.

२००४ पासून पीसीआय एक्स्प्रेस वापरात आहे. त्याची प्रत्येक पिढी आधीच्या जवळपास दुप्पट वेगाची, पण खाच तीच. नवे कार्ड जुन्या बोर्डावर बसते आणि दोघांतल्या धिम्याच्या चालीने चालते. भाच्याचे कार्डही सहज बसले होते. आम्ही ते काढले, सोनेरी पिना खोडरबराने पुसल्या, खटका लागेपर्यंत दाबून पुन्हा बसवले. मॉनिटरची केबल बोर्डाला नव्हे, कार्डालाच जोडली आहे ना, तेही पाहिले. हजार ठिकाणी एवढ्यानेच काम होते. आमच्याकडे पुन्हा तेच : एक लांब, दोन आखूड.

विजेचा हिशेब

पहिल्या पीसीचा वीजपुरवठा अवघा ६३.५ वॅटचा होता, आणि तो सगळ्या यंत्राला पुरे. आज पीसीआय एक्स्प्रेसचा मोठा स्लॉट एकट्या कार्डाला ७५ वॅटपर्यंत देतो. त्यापुढची भूक भागवायला एसएमपीएसमधून वेगळी केबल लागते : सहा पिनांची ७५ वॅटसाठी, आठ पिनांची १५० साठी. २०२२ साली आलेल्या आरटीएक्स ४०९० या कार्डाची भूक ४५० वॅटची आहे. कार्यालयीन डेस्कटॉप बनवणाऱ्याने हे भविष्य गृहीत धरलेले नसते. त्याला टंकलेखन आणि हिशेब चालवायचे होते.

भाच्याच्या यंत्राचा एसएमपीएस २४० वॅटचा, आणि त्यात सहा पिनांची केबलच नव्हती. त्याने हार्ड डिस्कच्या केबलला जोड लावून काम भागवले होते. जोडाने पिना वाढतात, वॅट वाढत नाहीत. एसएमपीएस बदलावा म्हटले तर पेटी छोटी आणि आतला आकार बाजारात सर्रास न मिळणारा. कार्ड परत केले. २०१४ सालचे जीटीएक्स ७५० टीआय हे ६० वॅटचे कार्ड अशा जुन्या पेट्यांमध्ये इतके का गाजले, ते तेव्हा नीट उमगले : त्याला वेगळी केबल लागत नसे. आम्हीही स्लॉटच्याच विजेवर चालणारे कार्ड आणले. बटण दाबले. एक लांब, दोन आखूड.

ओळख पटवणे

उरले तिसरे कलम. १९८४ साली आयबीएमच्या ईजीए कार्डाने आपला चालवण्याचा प्रोग्रॅम स्वतःच्या चिपमध्ये बरोबर आणला. संगणक सुरू होताना बायॉस स्मृतीतल्या ठरलेल्या जागी '५५ एए' ही खूण शोधतो. ती सापडली की कार्डाच्या प्रोग्रॅमला चालू देतो. मगच पडदा उजळतो. ही पद्धत तीन दशके टिकली.

२००५ नंतर यूईएफआय या नव्या व्यवस्थेचा प्रसार सुरू झाला आणि २०१२ साली विंडोज ८ बरोबर तिने घरोघरी जम बसवला. कार्डांना आता नव्या पद्धतीचा प्रोग्रॅम लागू लागला. पुष्कळ कार्डे जुना आणि नवा असे दोन्ही बाळगतात. पण २०१०–२०१२ची यंत्रे उंबरठ्यावरची, त्यांची बायॉस अर्धी जुनी, अर्धी नवी. कार्ड निरोगी, वीज पुरेशी, तरी ओळख पटत नाही.

यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलची शेवटची बायॉस अजून शिल्लक होती. कार्ड काढून, मूळच्या ग्राफिक्सवर यंत्र चालवून आम्ही ती भरली. हे काम चालू असताना वीज गेली तर बोर्ड कायमचा निकामी होऊ शकतो, म्हणून शेजाऱ्यांचा यूपीएस मागून आणला. मग कार्ड बसवले, बटण दाबले. एकच आखूड आवाज आला आणि पडदा उजळला. भाचा म्हणाला, "एवढंच होतं?"

एवढेच होते. पण एवढे करता आले, कारण पेटी स्क्रूने उघडत होती, भाग सुटे होते, आणि ४० वर्षांपूर्वीचा करार अजून पाळला जात होता. तो आता पातळ होऊ लागला आहे. काही स्वस्त नव्या कार्डांनी मार्गिका इतक्या कमी ठेवल्या आहेत, की जुन्या स्लॉटमध्ये ती लंगडतात. २०२२ची इंटेल आर्क कार्डे जुन्या बोर्डांवर नसलेली एक सोय मागतात. ती नसेल तर त्यांचा वेग पडतो. आणि २०२० च्या ॲपल एम१ सारख्या यंत्रांत ग्राफिक्स मुख्य चिपमध्येच सामावलेले आहे. त्याने वीज वाचते, वेगही मिळतो, हे मान्य केले पाहिजे. मात्र तिथे खोडरबर घेऊन बसायला जागा नाही.

ज्या यंत्रात दुसऱ्याचे कार्ड बसते, त्यात दुसऱ्याची लिपीही बसते. थायलंडचा तरुण आणि पुण्याची संस्था, दोघेही त्याच वाटेने आत आले. यापुढे यंत्र विकत घेताना किंमत आणि वेग यांबरोबर आणखी एक प्रश्न दुकानदाराला विचारून ठेवावा : हे उघडते का?