ठासणीच्या बंदुकीला आधुनिक नळी चालते का?

ठासणीची बंदूक तोंडाकडून भरतात. आधी काळी दारू, मग बोळा, त्यावर छर्रे आणि वर पुन्हा बोळा, असा क्रम असतो. गजाने हे सगळे ठासून बसवतात. घोडा केपावर आदळला की ठिणगी आतल्या दारूपर्यंत पोहोचते. अशा जुन्या बंदुकीची नळी गंजली किंवा फुगली की तिच्या जागी काडतुसाच्या बंदुकीची पोलादी नळी बसवावी, असा विचार अनेकांच्या मनात येतो. आधुनिक पोलाद जुन्या लोखंडापेक्षा मजबूत असते, हे खरे. पण नळीची सुरक्षितता केवळ धातूवर ठरत नाही.

दोन नळ्यांतला फरक

काडतुसाच्या नळीचे मागचे तोंड उघडे असते. तिथे काडतूस बसण्यासाठी मोठ्या व्यासाची खोबण असते. बारा बोअरच्या नळीचा आतला व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर, तर खोबणीचा साधारण २०.५ मिलिमीटर असतो. (बारा बोअर म्हणजे एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी बसेल एवढी नळी.) बार उडताना मागे येणारा रेटा बंदुकीची पोलादी चौकट झेलते. ठासणीच्या बंदुकीत अशी चौकट नसते. तिथे आट्यांनी घट्ट बसवलेली डट्टी नळी मागून बंद करते आणि सगळा रेटा त्या आट्यांवर येतो.

खोबण तशीच ठेवली, तर दारू आणि छर्रे नळीपेक्षा रुंद पोकळीत राहतात. बोळा तिथे सैल पडतो. खोबणीचा भाग कापून टाकला, तर दुसरीच अडचण उभी राहते. नळीची भिंत सर्वांत जाड असते ती खोबणीपाशी, कारण सर्वाधिक दाब तिथेच येतो. पुढे ती पातळ होत जाते. म्हणजे कापताना नेमका सर्वांत मजबूत भाग जातो आणि उरलेल्या पातळ भागावर सगळा दाब येतो.

बऱ्याच आधुनिक नळ्या छर्रे फार पसरू नयेत म्हणून तोंडाशी किंचित निमुळत्या केलेल्या असतात. काडतूस मागून भरत असल्याने तिथे अडचण येत नाही. ठासणीच्या बंदुकीत मात्र नळीत घट्ट बसणारा बोळा त्या अरुंद तोंडातूनच आत जावा लागतो. छर्रे आणि बोळा दारूवर टेकले नाहीत, मध्ये पोकळी राहिली, तर नळी फुगू किंवा फुटू शकते.

दारूचा प्रश्न

काळ्या दारूत सोरा, कोळसा आणि गंधक असते. प्रचलित प्रमाण ७५:१५:१०. पॉल व्हिएल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८८४ मध्ये तयार केलेली धूरविरहित दारू वेगळ्या जातीची आहे. काळ्या दारूच्या मापाने ती भरली, तर दाब कितीतरी पटींनी वाढतो. नळी नवी आहे म्हणून दारूही नवी चालेल, हा समज जीवघेणा ठरतो.

परीक्षेचा शिक्का

नळी सुरक्षित आहे की नाही, हे डोळ्यांनी कळत नाही. म्हणून नेहमीपेक्षा जास्त दाबाचा बार उडवून नळीची परीक्षा घेतात आणि टिकली तर शिक्का मारतात. लंडनच्या गनमेकर्स कंपनीला १६३७ मध्ये सनद मिळाली. बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहाचा कायदा १८१३ मध्ये झाला. हा शिक्का त्या नळीच्या मूळ रूपापुरता असतो. कापून किंवा आटे पाडून नळी कमजोर झाली, तर जुना शिक्का भरवशाचा राहत नाही आणि परीक्षा पुन्हा घ्यावी लागते.

भारतातला कायदा

कोकणासारख्या भागात ठासणीची बंदूक अजून शेतराखणीसाठी बाळगली जाते. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्येही पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याचा वेगळा उल्लेख आहे. मात्र हा परवाना बंदूक बाळगण्याचा असतो. विक्रीसाठी असो वा हस्तांतरणासाठी, शस्त्र बनवणे, त्यात बदल करणे, त्याची दुरुस्ती किंवा परीक्षा करणे यांसाठी याच कायद्याच्या कलम ५ नुसार स्वतंत्र परवाना लागतो. त्यामुळे नळी खराब झाली, तर बंदूक परवानाधारक कारागिराकडेच न्यावी लागते. नळी बदलण्याजोगी आहे की बंदूकच बाद करायची, हे त्याने तपासून ठरवायचे असते.