न भरलेल्या परिषदेची कुळकथा

अमेरिकेच्या राज्यघटनेत आजवर 27 दुरुस्त्या झाल्या आणि सगळ्यांची सुरुवात एकाच दारातून झाली. तिथल्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतांनी प्रस्ताव काढायचा आणि तीन-चतुर्थांश राज्यांनी त्याला होकार द्यायचा. पण पाचव्या कलमात दुसरंही एक दार आहे. दोन-तृतीयांश राज्यांच्या विधिमंडळांनी अर्ज केले, की दुरुस्त्या सुचवण्यासाठी काँग्रेसने परिषद बोलावलीच पाहिजे. 50 राज्यांच्या हिशेबाने आज असे 34 अर्ज लागतात. हे दार कधीच उघडलेलं नाही. ते उघडावं की नाही यावर मात्र तिथल्या विधिमंडळांत दर पिढीला भांडण होतं.

या भांडणातली भीती समजून घ्यायची तर 1787 च्या फिलाडेल्फियात जावं लागतं. स्वातंत्र्यानंतरची पहिली व्यवस्था म्हणजे ‘आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन’ हा तेरा राज्यांमधला करार. त्यात काही बदलायचं तर तेराही राज्यांची संमती हवी. कर्जात बुडालेल्या मध्यवर्ती सरकारला आयातीवर पाच टक्के जकात घेऊ द्या, एवढीच मागणी 1781 मध्ये पुढे आली. टीचभर ऱ्होड आयलंडने पुढच्या वर्षी नाही म्हटलं आणि ती बारगळली. 1783 मध्ये पुन्हा प्रयत्न झाला, तो न्यूयॉर्कने अडवला. अखेर फेब्रुवारी 1787 मध्ये काँग्रेसने फिलाडेल्फियात बैठकीला परवानगी दिली, तीही केवळ त्या करारात सुधारणा सुचवण्यापुरती.

जमलेल्या मंडळींनी काय केलं? दारं-खिडक्या लावून घेतल्या, चार महिने खल केला आणि जुना करार बाजूला सारून नवीकोरी घटना लिहिली. शिवाय ती लागू व्हायला तेरा नव्हे, नऊ राज्यांचा होकार पुरेल असंही स्वतःच ठरवून टाकलं. ऱ्होड आयलंडने तर प्रतिनिधीच पाठवले नव्हते. आज कुठल्या समितीने आपली कार्यकक्षा इतकी ओलांडली, तर दुसऱ्या दिवशी कोर्टात याचिका पडेल. परिषद बोलावली तर ती हाताबाहेर जाईल, असं आज जे म्हणतात, त्यांच्या पोटातलं भय हे असं थेट घटनेच्या जन्मापासूनचं आहे.

परिषदेची तरतूद घटनेत शिरली ती शेवटच्या क्षणी. 15 सप्टेंबर 1787, शनिवार. सोमवारी सह्या व्हायच्या होत्या. त्या वेळच्या मसुद्यात राज्यांनी अर्ज करायचे, पण दुरुस्ती सुचवायची ती काँग्रेसनेच, अशी रचना होती. व्हर्जिनियाचे जॉर्ज मेसन उठले. दोन्ही मार्ग शेवटी काँग्रेसच्याच हातात आहेत, असा त्यांचा आक्षेप होता. सरकारच जुलमी झालं तर लोकांना हवी ती दुरुस्ती कधीच मिळणार नाही. मग गव्हर्नर मॉरिस आणि एल्ब्रिज गेरी यांनी सूचना मांडली की राज्यांचे अर्ज आल्यावर काँग्रेसने परिषद बोलवावी. (‘गव्हर्नर’ हे मॉरिस यांचं नाव होतं, पद नव्हे.) जेम्स मॅडिसन यांची हरकत नव्हती, पण त्यांनी शंका काढली: परिषदेचं स्वरूप काय, गणसंख्या किती, हे कोण ठरवणार? उत्तर न देताच सूचना बिनविरोध मंजूर झाली. सगळ्यांना घरी जायची घाई होती, दुसरं काय! एवढं करून मेसन आणि गेरी दोघांनीही घटनेवर सही केली नाहीच.

त्या शनिवारी कुणाला अंदाज नसेल, पण या तरतुदीने खरं काम केलं ते धाक म्हणून. घटना लागू होते न होते तोच व्हर्जिनिया आणि न्यूयॉर्क यांनी दुसऱ्या परिषदेसाठी अर्ज केले. नवी घटना पुन्हा मुळापासून उकरली जाईल, या धास्तीने मॅडिसन यांनी 8 जून 1789 रोजी स्वतःच दुरुस्त्या मांडल्या. नागरिकांच्या मूलभूत हक्कांची सनद म्हणून ज्या दहा दुरुस्त्या 1791 मध्ये लागू झाल्या, त्यांच्यामागे हाही रेटा होता. पुढे सिनेटर थेट लोकांनी निवडावेत ही मागणी सिनेट वर्षानुवर्षं दाबून ठेवत होतं. राज्यांचे अर्ज आवश्यक आकड्याच्या जवळ सरकू लागले, तेव्हा कुठे काँग्रेसने 1912 मध्ये सतरावी दुरुस्ती सुचवली.

दोनदा तर आकडा अगदी उंबरठ्यावर आला. मतदारसंघांची लोकसंख्या समान हवी, या 1964 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाविरुद्ध सिनेटर एव्हरेट डर्कसन यांनी मोहीम उघडली. 1969 पर्यंत 33 राज्यं आली, एक कमी पडलं. मग केंद्राच्या अंदाजपत्रकात तूट नको, ही मागणी 1983 पर्यंत 32 राज्यांपर्यंत पोचली आणि 1988 पासून काही राज्यांनी अर्ज मागे घ्यायला सुरुवात केली. अर्ज असा मागे घेता येतो का, जुना अर्ज शिळा होतो का, वेगवेगळ्या विषयांचे अर्ज एकत्र मोजायचे का? घटना यावर मौन पाळते. अलीकडे केंद्राचे अधिकार आवळण्यासाठी ‘कन्व्हेन्शन ऑफ स्टेट्स’ ही चळवळ चालू आहे. 2022 मध्ये तिच्याकडे 19 राज्यं होती. विरोधाला ईगल फोरमसारखे कट्टर उजवे आणि कॉमन कॉजसारखे उदारमतवादी एकाच बाजूला उभे आहेत, हे एरवी सहसा घडत नाही.

आपल्याकडे हा रस्ता मुद्दाम टाळला गेला. 4 नोव्हेंबर 1948 रोजी मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितलं होतं, की परिषद किंवा सार्वमत यांसारखी किचकट पद्धत या मसुद्यात ठेवलेली नाही. दुरुस्तीचा अधिकार विधिमंडळांकडेच आहे. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या आंबेडकरांनी अमेरिकेची घटना बारकाईने अभ्यासली होती. आपल्या 368 व्या कलमात ठरावीक विषयांवर निम्म्या राज्यांची मान्यता लागते खरी, पण दुरुस्तीचा प्रस्ताव सुरू करण्याचा हक्क राज्यांना नाही. मेसन यांना हे अजिबात रुचलं नसतं.

मला विरोधकांचं भय निम्मंच पटतं. परिषद कितीही भरकटली तरी तिच्या दुरुस्तीला 38 राज्यांचा होकार लागतोच. 13 राज्यं आडवी आली की विषय संपला. पटतो तो दुसरा मुद्दा: परिषदेत कॅलिफोर्निया आणि वायोमिंग यांना सारखंच एकेक मत असणार का, आणि प्रतिनिधी कोण नेमणार? सिनेटर सॅम एर्विन यांनी हे ठरवणारं विधेयक आणलं होतं. 1971 मध्ये सिनेटने ते 84 विरुद्ध 0 मतांनी मंजूर केलं, प्रतिनिधिगृहाने मात्र त्याला हात लावला नाही. म्हणून परिषद हवी म्हणणाऱ्यांनी चौतिसावं राज्य शोधण्याआधी काँग्रेसकडून हा कायदा करून घ्यावा. तो होत नाही तोवर माझा कौल विरोधकांच्या बाजूने.