बाराखडी पुरी होण्याआधी

कोणत्याही कामाच्या आरंभाला मराठीत आपण ‘ओनामा’ म्हणतो. हा शब्द पंतोजींच्या शाळेतला. धूळपाटीवर बोट टेकण्याआधी मूल ‘ओनामासिधं’ म्हणत असे. मूळ शब्द ‘ॐ नमः सिद्धम्’, पण ते मुलाला ठाऊक नसे आणि पुष्कळदा पंतोजींनाही नसावे. अर्थ कळलाच पाहिजे अशी अटच तिथे नव्हती. आधी तोंड, मग बोट, मग डोळा, आणि जमलाच तर सरतेशेवटी अर्थ. जालना जिल्ह्यात लहान मुलांना वाचायला कसे शिकवले गेले, याचा मागोवा घेताना हा क्रम मला पुन्हा पुन्हा भेटला. राज्यकर्ते बदलले, लिपी बदलली, पुस्तके बदलली. अर्थाचा नंबर मात्र रांगेत शेवटीच राहिला.

पंतोजींच्या शाळेची थट्टा करणे सोपे आहे. तिला तिचा हेतू होता. कुलकर्ण्याच्या मुलाला पुढे दप्तर सांभाळायचे, वाण्याच्या मुलाला खतावणी लिहायची. त्यासाठी मोडी वळण, पाढे आणि उजळणी लागे. गोष्टीचे पुस्तक लागत नसे. ज्यांच्या घरी दप्तरही नव्हते आणि खतावणीही नव्हती, त्यांना त्या ओसरीवर जागाच नव्हती.

त्यांच्यापर्यंत अक्षर पोचले ते भलत्याच वाटेने. जालन्याला 1827 पासून हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. 1860 नंतरच्या दशकात रेव्हरंड नारायण शेषाद्री तिथे आले. 1843 साली मुंबईत ख्रिस्ती झालेले हे ब्राह्मण गृहस्थ. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याला परत जातीत घेण्यावरून मुंबईत मोठे वादळ झाले होते आणि बाळशास्त्री जांभेकरांनी त्या मुलाची बाजू घेतली होती. थोरल्या शेषाद्रींनी जालन्याजवळ, निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर, बेथेल नावाचे गाव वसवले. तिथे आलेल्यांत महार आणि मांग कुटुंबे बहुसंख्य होती. मिशनचा हेतू धर्मांतराचा होता, हे लपवण्याचे कारण नाही. पण त्या पंथात शास्त्र स्वतः वाचायचे असते. त्यामुळे वाचणे म्हणजे छापलेल्या ओळीतून काहीतरी समजून घेणे, ही कल्पना या भागात त्या वस्तीत रुजली, आणि तीही ज्यांना अक्षराला हात लावू दिला जात नव्हता त्यांच्यात. आपल्या शिक्षणाच्या इतिहासांत बेथेलला फारशी जागा मिळत नाही. धर्मांतराच्या रकान्यात टाकले की काम संपले, अशी आपली सोय.

निजामी राजवटीत प्रश्नाला आणखी एक पदर आला. 1884 मध्ये फारसीच्या जागी उर्दू राज्यकारभाराची भाषा झाली. 1918 मध्ये उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले तेही उर्दू माध्यमाचे. खालच्या वर्गांत मराठी असली तरी वरच्या शिक्षणाची वाट उर्दूतूनच जाई. मराठी बोलणारे शेतकऱ्याचे मूल एकदा बालबोध शिके, घरी दप्तर असेल तर मोडी शिके आणि पुढे उजवीकडून डावीकडे वाचायला लागे. तीन लिप्यांच्या या ओढाताणीत टिकणारी मुले थोडी. सतरा सप्टेंबर 1948 ला हे राज्य संपले, 1956 मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात. जालना स्वतंत्र जिल्हा झाला तो 1 मे 1981 रोजी. पुणे-मुंबईकडे छापील क्रमिक पुस्तकांची परंपरा तोवर शंभर वर्षांहून जुनी झाली होती. आमच्याकडे खेडोपाडी घरातले पहिले मराठी पुस्तक म्हणजे मुलाचे शाळेतले पुस्तक, अशी स्थिती होती आणि पुष्कळ घरी आजही आहे. 2011 च्या जनगणनेत राज्याची साक्षरता 82 टक्क्यांवर असताना जालन्याची 72 च्या आतच होती.

आता पद्धतीकडे वळतो, कारण खरी गोम तिथे आहे. आपली वर्णमाला ही व्याकरणकारांची अप्रतिम मांडणी आहे: कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, उच्चाराच्या जागेनुसार ओळीने. पण ती आधीच वाचता येणाऱ्या माणसासाठी आहे. सहा वर्षांच्या मुलाने ङ आणि ञ गिरवण्यात दिवस का घालवावेत? ही अक्षरे सुटी येतात असा एक तरी शब्द त्याच्या आयुष्यात आहे का? मुळाक्षरे अठ्ठेचाळीस आणि बाराखडीची घरे चारशेहून अधिक. जुन्या रिवाजाने मुळाक्षरे संपेपर्यंत काना यायचा नाही, म्हणून मधल्या काळात मुलाला कानामात्रा नसलेल्या शब्दांवर भागवावे लागे. ‘मगन, गवत बघ’ या धाटणीची मराठी कोणत्याही गावात कोणी बोलत नाही. मंठा तालुक्यातले मूल ‘जल’ पीत नाही, पाणी पिते. आणि ‘पाणी’ वाचायला काना आणि वेलांटी दोन्ही लागतात. ‘भाकर’चीही तीच गत. म्हणजे मुलाच्या तोंडातली भाषा महिनोन्‌महिने फळ्याबाहेर उभी.

याला पर्याय माहीत नव्हता असे नाही. फलटणला डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी 1984 मध्ये प्रगत शिक्षण संस्था स्थापन केली. शाळेत मागे पडणाऱ्या वस्तीतल्या मुलांबरोबर काम करताना त्यांनी थोडी अक्षरे आणि एखादे स्वरचिन्ह यांचे गट करून पहिल्यापासून शब्द आणि वाक्ये वाचायला देण्याची रीत बसवली. करून पाहा: म, क, ब, र, त ही पाच अक्षरे आणि एक काना. एवढ्यात मका, काम, रात, बकरा, तार, बाबा, काका, मामा हे सगळे वाचता येतात. मक्याच्या भोकरदन तालुक्यात यातला एकही शब्द समजावून सांगावा लागणार नाही. बालभारतीच्या अलीकडच्या पुस्तकांनीही अक्षरगटांची वाट धरली. पण पुस्तक बदलले म्हणून वर्ग बदलतोच असे नाही. पालघर जिल्ह्यातील वाडा आणि कर्नाटकातील यादगीर इथल्या मुलांचा 2013 ते 2016 असा सलग अभ्यास शैलजा मेनन आणि सहकाऱ्यांनी केला. त्यात दिसले ते हेच, की वर्गातला वेळ अक्षरे आणि ती उतरवून काढणे यात जातो. वाचलेल्याच्या अर्थाविषयी बोलणे फार थोडे.

22 जून 2015 च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ आले आणि जिल्हा परिषद शाळांच्या फरशा अक्षरांनी रंगल्या. मुले गोल करून बसू लागली, खडे आणि बाटल्यांची झाकणे वर्गात आली. त्या काळात अनेक गुरुजींनी आणि बाईंनी खरोखर जीव ओतून काम केले. माझी तक्रार फरशीबद्दल नाही. तक्रार आहे ती या सगळ्या चर्चेत वेळ गृहीत धरला जातो याबद्दल.

जालन्यात तो गृहीत धरता येत नाही. शाळा जूनच्या मध्यावर उघडते. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतली अनेक कुटुंबे मुकादमाची उचल घेतलेली असतात आणि दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला निघतात. गाडीत भांडी, पीठ, कोयते आणि मुले. परतणे मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे वर्ष संपताना. पहिलीतल्या मुलाच्या हाती साधारण चार महिने येतात. त्यात बैलपोळा, गणपती, पावसाचे खाडे आणि घरच्या कापूस वेचणीचे दिवस वजा करा. जी पद्धत अर्थाला बाराखडीनंतर बोलावते, तिच्या हिशेबाने हे मूल अर्थाची पाळी येण्याआधीच गाव सोडते. पुढच्या जूनमध्ये पुन्हा ‘अ’. दुसऱ्या वर्षीही दिवाळी येतेच. अशी मुले तिसरी-चौथीत धडा घडाघडा म्हणतात, आणि पान उलटे धरले तरी म्हणतात. त्यांना ओनामासिधंच येत असते, फक्त नव्या पाठ्यपुस्तकातले.

अर्थ पहिल्या आठवड्यात द्यायचा की पुढच्या वर्षी, हा वाद शिक्षणशास्त्रज्ञांसाठी तत्त्वाचा असेल. इथे तो गाडी कधी सुटते याचा आहे. दसऱ्यापर्यंत ज्या मुलाला पंधराच अक्षरे आली पण त्यांतून ओळी वाचता आल्या, ते कोपीत सापडलेल्या वर्तमानपत्राच्या तुकड्यावरही काहीतरी शोधत बसेल. ज्याला चाळीस अक्षरे ओळीने म्हणता येतात, पण एकही शब्द फोडता येत नाही, त्याच्याजवळ पाचटावर बसून करण्यासारखे काही नसते.

हंगामी वसतिगृहे निघाली, आजीआजोबांजवळ मुले राहू लागली, काही साखर कारखान्यांवर साखरशाळा चालल्या. यांनी गळती रोखायला मदत केली, ते श्रेय त्यांचे आहे. 2015 नंतर स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्डही आले. ते दाखवले की नव्या गावच्या शाळेने मुलाला बसवून घ्यायचे. पण जालन्याच्या टोळ्या कर्नाटकातल्या कारखान्यांवरही जातात. तिथल्या गावच्या शाळेत कार्ड चालले असे समजू. फळ्यावरचा ‘क’ कानडी असतो.